नवऱ्याने आतून बांधलेल्या भिंतीबाबत

नाव: शिलाईवाल्या काकू. (कागदोपत्री नाव वेगळे आहे, ते ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळून पाहत नाही.)
वय: अठ्ठावन्न.
धंदा: शिवणकाम, घरीच.
राहणार: सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची गल्ली, शेवटून दुसरे घर. दारात वाळूचा ढीग आहे, चुकायचे कारण नाही.

वर लिहिलेली मी, कोणी धरून आणलेली नसून स्वतःच्या चपला घालून ठाण्यात आले आहे, आणि हवालदारांनी समोर बसवून विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी आणि आमचे हे, असे दोघे राहतो. ह्यांना गल्लीत लिफ्टमामा म्हणतात, कारण निवृत्त होईपर्यंत ते एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवत होते. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. घर लहान आहे. पुढची खोली, तिच्या मागे आतली खोली, बाजूला स्वयंपाकघर आणि मागे अंगण. पुढच्या खोलीत माझे मशीन, कापायचे टेबल आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा आहे. आतल्या खोलीचे दार पुढच्या खोलीत उघडते. म्हणजे उघडत होते.

हवालदारांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की, तुम्ही नवऱ्याला भिंतीत चिणले हे खरे आहे काय. त्यावर सांगते की, माणूस चिणायचा तर तो आधी एका जागी उभा राहावा लागतो. आमच्या ह्यांना एका जागी उभे राहताना मी निवृत्तीनंतर पाहिलेले नाही. तक्रार देणाऱ्या उंच कॉलरवाल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. त्यांचे नाव मला सांगता येणार नाही, माझ्या धंद्यात माणसे कॉलरवरून आणि बाहीवरून लक्षात राहतात. बाई खोटे बोलतात असे माझे म्हणणे नाही. भिंतीपलीकडे माणूस होता. फक्त भिंत मी बांधलेली नव्हती, ती त्या माणसानेच बांधली होती.

हे समजण्यासाठी आमच्या ह्यांचा स्वभाव लिहून घ्यावा. लिफ्टचे दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. हा नियम ह्यांनी कचेरीतून घरी आणला, सोबत बसायचे लाकडी स्टूलही आणले. घरात एक डबा उघडा असताना दुसरा उघडलेला ह्यांना चालत नाही. कपाटाचे एक दार लावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. एका नातेवाइकाशी बोलणे बंद झाल्याशिवाय दुसऱ्याशी चालू करत नाहीत. मला या सगळ्याची सवय आहे. माणसाने जन्मभर एकच काम केले की ते काम त्याच्या अंगात मुरते. मीसुद्धा नव्या माणसाकडे आधी खांद्यापासून बघते.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी घराची दुरुस्ती स्वतः करायची ठरवले. पहिल्यांदा मोरी हातात घेतली. जमिनीचा उतार जाळीच्या उलट्या दिशेला झाला, त्यामुळे आमच्याकडे आंघोळीचे पाणी निघून जात नाही, उंबऱ्यापाशी येऊन विचार करत बसते. नंतर स्वयंपाकघरात फरशी बसवली. ती दाराकडून सुरू करून कोपऱ्याकडे नेली, आणि शेवटची फरशी बसवल्यावर हे त्या कोपऱ्यात अडकून पडले. ओल्या फरशीवर पाय देता येईना. मी ह्यांना जेवण लांबूनच सरकवले. इथे हवालदारांनी हात वर करून थांबवले आणि विचारले की, मग फरशी कुठून सुरू करावी. त्यांच्या घरावर एक खोली चढते आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून सांगते: आतल्या कोपऱ्यातून सुरू करावी आणि मागे सरकत दारातून बाहेर पडावे. मोरीला उतार दिल्यावर फरशी चिकटवण्याआधी तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. कामगार हो म्हणतो म्हणून हो समजू नये. हे जबाबात लिहावे की नाही असे हवालदारांनी विचारले. लिहावे. नाहीतर पुढचे कोणाला कळणार नाही.

त्यानंतर ह्यांनी आतल्या खोलीचा विषय काढला. ही खोली मुलीची होती. ती गेल्यावर मी तिथे कापडाचे गठ्ठे ठेवले आणि ह्यांनी स्टूल ठेवले. ह्यांचे म्हणणे असे की, पुढच्या खोलीत उघडणारे दार बुजवायचे आणि मागच्या भिंतीत अंगणाकडे नवे दार पाडायचे. कशासाठी, असे मी विचारले तर म्हणाले, हवा खेळेल. बाकी काही सांगितले नाही.

मला ते लागले. नवऱ्याला यायला-जायला वेगळे दार हवे, आणि तेही आपल्याकडचे दार विटांनी बुजवून हवे, याचा अर्थ कोणीही काय लावेल? सायकलवाल्याने दुकानातून विचारले, काकू, चूल पण वेगळी का? मी त्याला हसून उत्तर दिले आणि घरी येऊन एका झग्याला उलटी बाही जोडली. इतकी वर्षे शिवते आहे, उलटी बाही कधी जोडली नव्हती. हे तेव्हा कोणाला बोलले नाही, आज पोलिसांत सांगते आहे, कारण इथे विचारले.

ह्यांना मी एवढेच म्हणाले की, गवंड्याला बोलवा. त्यावर ह्यांनी सांगितले की, तू तुझे मशीन बघ. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. मीठ द्या, फोन वाजतोय, एवढेच चालू होते.

तरी गवंडी एकदा येऊन गेला. त्याला गल्लीत उद्या म्हणतात, कारण तो कधी विचारले तरी उद्या येतो. तो आला आणि भिंतीवर बोटाने टकटक करून त्याने ह्यांना सांगितले की, आधी नवे दार पाडा, त्याच्या वर वजन पेलायला लिंटल, म्हणजे आडवी तुळई, बसवा, चौकट लावा, मग जुने बुजवा. तोवर निदान आत-बाहेर करता येईल. विटा भिजवून घ्या, आणि एका दिवसात छातीच्या वर भिंत चढवू नका, खालचा सिमेंट-वाळूचा माल ओला असताना वरचे वजन त्याला पेलत नाही. ह्यांनी त्याचे सगळे ऐकून घेतले आणि उलट त्यालाच समजावले की, एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नसते, अपघात होतात. उद्या डोके खाजवत गेला. पुन्हा आला नाही.

हवालदारांनी विचारले की वीट भिजली हे कसे ओळखावे. वीट पाण्यात टाकली की बुडबुडे येतात. बुडबुडे यायचे थांबले की भिजली. कोरडी वीट लावली तर ती मालातले पाणी पिऊन टाकते, मग माल नुसती माती होऊन बसतो आणि विटेला धरत नाही. कापडाचेही असेच आहे, आधी पाण्यातून काढले नाही तर शिवल्यावर आटते आणि गिऱ्हाईक आपल्यालाच बोलते. आमच्या विटा कोरड्याच लागल्या, कारण घरात पिंप एकच आणि त्यात माझे गणवेशाचे कापड भिजत पडले होते. पिंप मिळेल का, असे ह्यांनी मला विचारले होते म्हणे. मला आठवत नाही. याबद्दल पुढे येईल.

घटनेच्या दिवशी, सकाळचा चहा झाल्यावर, ह्यांनी जुने दार चौकटीसकट काढून ओट्यावर टेकवून ठेवले. मग विटा, वाळू, सिमेंट, पाणी, घमेलं आणि थापी आतल्या खोलीत नेली. मग स्वतः आत गेले आणि आतून विटा लावायला सुरुवात केली. वेळ काय होती, असे हवालदार विचारतात. मी घड्याळ पाहिले नाही. मी कोटाची पहिली बाही जोडत होते तेव्हा भिंत गुडघ्याएवढी होती, दुसरी बाही जोडून झाली तेव्हा मला ह्यांचे फक्त डोके दिसत होते, आणि अस्तर लावायला घेतले तेव्हा डोकेही दिसेनासे झाले.

माणूस आत उभा राहून बाहेर यायचा रस्ता कसा बुजवतो, असा प्रश्न हवालदारांनी दोनदा विचारला. मलाही आधी कळले नव्हते. मग लक्षात आले की, लिफ्टमनने जन्मात कधी दार बाहेरून बंद केलेले नसते. तो नेहमी आतच असतो. दार लावायचे म्हणजे आतून लावायचे, हेच ह्यांच्या हाताला ठाऊक. नवे दार ते आतून पाडणार होते आणि अंगणात निघणार होते. बेत चांगला होता. फक्त छिन्नी आणि हातोडा माझ्या कापायच्या टेबलावर राहिला होता, म्हणजे भिंतीच्या अलीकडे.

मला तो दिसत होता का? दिसत होता. पांढऱ्या कापडाशेजारीच पडला होता, म्हणून मी उचलून खाली ठेवला. मग मी बोलले का नाही? मला मशीन बघायला सांगितले होते, मी मशीन बघत होते. तक्रारीत लिहिले आहे की मी हत्यारे लपवली. लपवली नाहीत. माझ्या पायापाशी होती.

विटा शेवटी कमी पडल्या. अगदी वर, दार होते त्या जागेच्या वरच्या कडेपाशी, दोन विटांची फट राहिली. शिवाय त्या खोलीला छताजवळ जाळीचा झरोका आहे, त्यामुळे गुदमरण्याचा प्रश्न नव्हता, हे स्पष्ट लिहावे. थोड्या वेळाने फटीतून ह्यांचा आवाज आला. स्टुलावर चढले असावेत.

“हातोडा दे.”

मी मशीन थांबवले. तोंडात टाचण्या होत्या, त्या एका बाजूला सारून विचारले, कशाला? म्हणाले, नवे दार पाडायचे आहे. मी म्हटले, ते आधी पाडायचे होते. त्यावर ह्यांनी मला लिफ्टचा नियम सांगितला. विटांच्या पलीकडून, स्टुलावर उभे राहून, बाहेर यायला रस्ता नसलेला माणूस मला नियम सांगत होता. मला हसू आले. आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. मी कापायच्या टेबलावर चढले, फटीशी तोंड नेले आणि म्हटले, हातोडा देते, पण वेगळे दार कशाला हवे ते आधी सांगा. ह्यांना निघून जाता येत नव्हते. एरवी मी असे काही विचारले की हे उठून चप्पल घालतात.

“तुला विचारलं होतं,” हे म्हणाले. “एकदा नाही, चार वेळा. दरवेळी तू हं म्हणालीस.”

मी म्हटले, मी कधीच हं म्हणाले नाही. आणि हे म्हणताना मला कळले की माझ्या तोंडात अजून टाचण्या आहेत. सकाळी मशीनवर बसले की मी टाचण्या ओठांत धरते, त्या रात्री निघतात. गिऱ्हाइकाने काही विचारले तर काढून बोलते. घरच्या माणसाला हं पुरते. तेव्हा हे पिंपाबद्दल विचारत होते, दाराबद्दल विचारत होते, काय काय विचारत होते, आणि मी हं म्हणत होते. ह्यांना वाटले, बायकोची काही हरकत नाही. नुसती हरकत नाही असे नव्हे, नवरा वेगळ्या दाराने गेला तर तिला बरेच वाटेल. तेच ह्यांना लागले होते. इकडे मी हेच धरून बसले होते की ह्यांनी मला न विचारता ठरवले.

मग हे बोलायला लागले. मला वाटते सहा महिन्यांचे एकदम बोलले.

“तुझं गिऱ्हाईक पडद्याआड गेलं की मी बाहेर. ते गेलं की आत. बसलो न बसलो तोवर दुसरं. ऊन असो, पाऊस असो, मी आपला सायकलवाल्याच्या दुकानापाशी. तो परवा विचारत होता, मामा, घरी करमत नाही का? लिफ्टमध्ये होतो तेव्हा लोक यायचे-जायचे नि मी बसायचो. आता लोक बसतात आणि मी ये-जा करतो. माझ्या खुर्चीवर कोट बसलेत. पलंगावर गणवेश झोपलेत. म्हटलं मागून दार असलं की कोणाला अडचण न करता आत तरी जाता येईल. उठायला लागणार नाही, खोकायला लागणार नाही.”

खोकण्याचे असे आहे की, पडद्याआड कोणी असेल आणि ह्यांना खोलीतून जायचे असेल तर हे दोनदा खोकतात. गिऱ्हाइकांना ते माहीत आहे. मला मात्र एवढी वर्षे वाटत होते की ह्यांचा घसा नाजूक आहे. मी काढे करून देत होते. हे मुकाट पीत होते.

मला रडू आले. तोंडात टाचण्या असताना रडणे धोक्याचे असते, माणूस गिळून बसेल, म्हणून मी त्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीत खोचल्या. नाक पुसले. मग ह्यांना विचारले की, म्हणजे तुम्ही वेगळे व्हायला निघाला नव्हता?

“वेगळा होऊन जाऊ कुठं? अंगणात?”

मी खाली उतरून हातोडा उचलला आणि फटीतून आत धरला. ह्यांनी घेतला नाही. म्हणाले, थांब जरा, घाई काय आहे. म्हणून मी चहा केला आणि लहान पेल्यातून फटीतून आत दिला. पेला बरोबर मावत होता. त्यांचा पेला आत, माझा बाहेर, मी टेबलावर, हे स्टुलावर, असे आम्ही बोलत राहिलो. काय बोललो, असे हवालदारांनी विचारले. त्याचा तपासाशी संबंध नाही. हवालदारांनी पेन थोडा वेळ कागदापासून उचलून धरले, मग पुढे काय झाले ते विचारले.

पुढे उंच कॉलरवाल्या बाई ट्रायलला आल्या. त्यांची वेळ ठरलेली होती, मीच विसरले होते. मी टेबलावरून उतरले, बाईंना पडद्याआड नेले आणि नव्या कॉलरला टाचण्या लावायला घेतल्या. त्याच वेळी ह्यांना सवयीने खोकला आला. दोनदा. बाईंनी मान वळवली. हे नेहमी दारातून खोकतात, या वेळी खोकणे छताजवळच्या विटांतून आले. दारही जागेवर नव्हते. बाई घाबरल्या हे ह्यांच्या लक्षात आले, आणि त्यांना धीर द्यावा म्हणून हे भिंतीतून म्हणाले, “तुमचं चालू द्या ताई, मी डोळे मिटलेत.”

बाई पडद्यासकट बाहेर पडल्या. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे धावले, कारण कॉलर नुसती टाचण्यांवर होती आणि अशा अवस्थेत पळाले की कापड ताणते. त्या थेट ठाण्यात आल्या. त्यांनी काय सांगितले ते आपल्याकडे लिहिलेले आहेच. पडदा अजून त्यांच्याकडे आहे, तो परत मिळावा.

त्यानंतर आत्ता माझा जबाब लिहिणारे हवालदार आमच्या घरी आले. त्यांनी भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिले. कात्री मी टेबलावर ठेवली. त्यांनी मोठ्याने विचारले, आत कोण आहे? आतून उत्तर आले, घरमालक. कोणी कोंडले? मीच. बाहेर यायचे आहे का? हे लिहून घ्यावे की, या प्रश्नावर माझा जीव टांगणीला लागला होता. पेला रिकामा झाला होता, बोलायचे ते बोलून झाले होते, आणि हा माणूस आता काय म्हणतो त्यावर माझे घर एक राहते की दोन होतात ते ठरणार होते.

“तिला विचारा,” हे म्हणाले.

आवाज बारीक आला, कारण हे स्टुलावरून उतरून, स्टूल घेऊन पलीकडच्या भिंतीशी जाऊन बसले होते. हवालदारांना नीट ऐकू आले नाही. त्यांनी विटांना कान लावला आणि तोल सावरायला तळहात टेकला. भिंत आत पडली. भिंतीसोबत हवालदारही आत गेले. धुरळा खाली बसल्यावर दिसले की हवालदार विटांच्या ढिगावर पालथे आहेत आणि हे समोर स्टुलावर गुडघे जुळवून बसले आहेत, हातात रिकामा पेला. कोणालाही मोठी इजा झाली नाही. हवालदारांच्या गुडघ्याला खरचटले, त्याला मी औषध लावले. आत येणाऱ्या माणसाला पाहून आमच्या ह्यांच्या तोंडून सवयीने “तळमजला” असा शब्द गेला. तो चेष्टेने म्हटलेला नाही, तरी हवालदारांनी मनात ठेवू नये. त्यांच्या केसांत अजून आमच्या घराचा माल आहे. वर्दी माझ्याकडे द्यावी, धुऊन, इस्त्री करून आणि सुटलेले बटण लावून परत देईन.

ही भिंत अशी का पडली, असे हवालदारांनी स्वतःच्या घराच्या बांधकामापुरते विचारले. विटा कोरड्या. माल पातळ. एका दिवसात जमिनीपासून दाराच्या वरच्या कडेपर्यंत. शिवाय जुन्या भिंतीत खाचा पाडून नव्या विटा त्यात अडकवायच्या असतात, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींना धरतात, तेही केलेले नव्हते. नुसत्या एकावर एक रचलेल्या होत्या. आपल्या खोलीला असे करू नये. भिंत झाल्यावर गोणपाट टाकून रोज पाणी मारावे, कंटाळा करू नये, आणि नुकतेच घर बांधलेल्या नातेवाइकाचा सल्ला कधी घेऊ नये. तो स्वतःच्या चुका आपल्याकडून पुन्हा करून घेतो, म्हणजे त्याला एकटे वाटत नाही.

पुढे काय करणार, असे विचारले. अंगणाकडचे दार होणार आहे. उद्याला सांगितले आहे, तो उद्या येणार आहे. पुढच्या खोलीकडचे जुने दारही होते तिथेच बसेल. म्हणजे खोलीला दोन दारे होतील आणि दोन्ही एका वेळी उघडी राहिली तरी चालेल, हे ह्यांनी ठाण्याकडे येताना सायकलवाल्यासमोर कबूल केले आहे. ट्रायलचा पडदा मी दुसऱ्या कोपऱ्यात नेणार आहे, बाईंनी परत दिल्यावर. खुर्चीवरचे कोट उचलले आहेत. ते सध्या शिडीवर आहेत.

शेवटी हवालदारांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, काकू, हे लिहीत नाही, पण एक विचारतो. मी नुसता हात टेकला तर भिंत पडली. मामांच्या हातात थापी होती, पायात जोर होता, आणि त्यांनीच बांधलेली भिंत, ती कच्ची आहे हे त्यांना ठाऊक असणारच. तुम्ही तर विटा कोरड्या लागताना बघत बसला होता. मग दोघांपैकी एकानेही ती ढकलली का नाही?

मी त्यांना म्हटले, हे लिहा. मला माहीत होते. माल हाताला लागत होता, वरची वीट बोटाने हलत होती. ह्यांनाही माहीत होते. ठाण्याच्या वाटेवर मी ह्यांना हेच विचारले. हे चालता चालता थांबले आणि म्हणाले, “तू ढकलशील म्हणून थांबलो होतो.” मी म्हटले, मीपण. मग आम्ही पुढे निघालो, कारण हवालदार विटांच्या धुळीने शिंकत होते आणि ह्यांना वाटले की ते खुणेसाठी खोकतायत, म्हणून हे वाटेतून बाजूला झाले. मी ह्यांना हात धरून परत रस्त्याच्या मधोमध आणले.

आत्ता पलीकडच्या खोलीत ह्यांचा जबाब चालू आहे. मधल्या फळीतून ऐकू येते आहे. हे दोनदा खोकले. मी इकडून सांगितले आहे की, आत या.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरचा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी ‘कोंडले’ असे होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘बसले होते’ असे केले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. हा जबाब मी कोणाच्या धाकाने दिलेला नसून, तोंडात एकही टाचणी नसताना दिला आणि ऐकला आहे.